‘मग फासे टाकलेच कशाला?’

ताई,

आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मिळून गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळतो, पाचवी आवृत्ती. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. बाकी चौघांची कॅरेक्टर्स चौथ्या लेव्हलची आहेत: बार्बेरियन (दांडगा योद्धा), बार्ड (गाणारा-बोलणारा), रेंजर (रानवाटा जाणणारा) आणि क्लेरिक (दैवी मंत्र वापरणारी). गेल्या शनिवारी मी पहिल्यांदाच स्किल चॅलेंज चालवलं, म्हणजे एकच मोठा प्रसंग सगळ्यांनी आपापल्या स्किलच्या अनेक दानांनी पार करायचा. नदीकाठचं गाव, माणसं पन्नास, पहाटे गॉब्लिनांची टोळी येणार. त्याआधी सगळ्यांना दोरीच्या पुलावरून पलीकडे न्यायचं. इंटरनेटवर वाचून नियम ठेवला: तीन दानं हुकायच्या आत सहा जमवायची. डीसी, म्हणजे दानाने गाठायचा आकडा, सगळ्याला १५. ‘हे स्किल चॅलेंज आहे’ असं सुरुवातीलाच सांगितलं आणि वहीत रेघा मारत बसलो. बार्ड प्रत्येक वेळी पर्स्वेजनच (मन वळवणं) टाकत होता, बार्बेरियन अॅथलेटिक्स. क्लेरिक खेळणारी मैत्रीण दोनदा ‘पास’ म्हणाली. चार जमली आणि तिसरं हुकलं. मी म्हणालो, ‘फेल. गॉब्लिन पोचले.’ लढाई झाली, ते जिंकले. निघताना रेंजर खेळणारा मित्र म्हणाला, ‘लढाई होणारच होती, मग फासे टाकलेच कशाला?’ मला उत्तर देता आलं नाही. माझं चुकलं कुठे? आणि येत्या शनिवारी ती रात्र पुन्हा खेळायला घेऊ का?

– एक डीएम, नाशिक

प्रिय डीएम,

मित्राचा प्रश्न तुम्हाला लागला असेल, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. दान पडल्यावर पटावर काहीतरी हललं पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. सारीपाट खेळणाऱ्या आपल्या आजी-आजोबांचीही तीच होती. त्या रात्री तुमच्या टेबलावर सात दानं पडली. सातव्या दानानंतरही गावकरी होते तिथेच होते, पूल तसाच होता, रात्र किती सरली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बदलल्या त्या फक्त तुमच्या वहीतल्या रेघा, आणि त्या तुम्हालाच दिसत होत्या.

आधी आकड्यांचं बोलू, कारण तिथे तुमची फसगत झाली आहे आणि ती पुष्कळांची होते. चौथ्या लेव्हलला ज्या स्किलमध्ये प्रोफिशियन्सी (सराव) आहे, तिथे मॉडिफायर, म्हणजे दानात मिळवायचा आकडा, साधारण पाच धरा: दोन प्रोफिशियन्सीचे, तीन अंगच्या गुणाचे. डीसी १५ गाठायला वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. वीस बाजूंपैकी अकरा चालतात, म्हणजे ५५ टक्के. एका दानापुरतं हे ठीक आहे. पण तीन हुकायच्या आत सहा जमवायची म्हटलं, की शंभरात २२ वेळाच ते साधतं. तेही प्रत्येकाने प्रत्येक वेळी आपलं तयार स्किलच वापरलं तर. ज्याला ती प्रोफिशियन्सी नाही आणि गुणही बेताचा आहे, त्याला डीसी १५ शंभरात तीसदाच गाठता येतो. तुमच्या मित्रांनी पहिला फासा उचलला तेव्हाच डाव त्यांच्या विरुद्ध होता. चार जमवली हेच खूप झालं.

डीसी १३ ठेवला असता तर एकेक दान ६५ टक्क्यांवर गेलं असतं आणि अख्खं चॅलेंज ४३ वर. डीसी ११ ला तेच आकडे ७५ आणि ६८ होतात. आता लांबीचं पाहा. ६५ टक्क्यांच्या दानाने, तीन हुकायच्या आत, चार जमवायची तर शंभरात ६५ वेळा जमतं. सहा जमवायची तर ४३. आठ जमवायची तर २६. प्रसंग मोठा आहे म्हणून आपण जमवायचा आकडा वाढवतो आणि हुकायची मुभा मात्र तीनच ठेवतो. खेळणाऱ्यांना त्यातून मोठा प्रसंग मिळत नाही, लांबलेला पराभव मिळतो.

हेच खुद्द नियम लिहिणाऱ्यांचंही झालं होतं. स्किल चॅलेंज या नावाने हा प्रकार आला तो २००८च्या जूनमध्ये, चौथ्या आवृत्तीत. तेव्हाच्या तक्त्यात पाच पायऱ्या होत्या: दोन हुकायच्या आत चार, तीनच्या आत सहा, असं चढत जाऊन सहाच्या आत बारा. डीसी बरेच चढे होते आणि लढाईसारखा इनिशिएटिव्ह टाकून क्रम लावायचा होता. खेळणाऱ्यांनी कागदावर आकडेमोड केली, ती जमेना, आणि जुलैतच दुरुस्ती आली. डीसी खाली आणले आणि हुकण्याची मर्यादा पाचही पायऱ्यांना तीन केली. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हा हा प्रकार नियमांत राहिलाच नाही. राहिली ती गटाची चेक: निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं की गटाला जमलं. म्हणजे तुम्ही चौथ्या आवृत्तीचा सांगाडा घेतलात आणि त्यावर पाचव्या आवृत्तीचा ‘मध्यम’ डीसी चढवलात. दोन वेगळ्या मापांचे कपडे होते ते. इंटरनेटवर सल्ला देणाऱ्याने ही गोष्ट सांगायला हवी होती.

आता ‘पास’ म्हणणाऱ्या मैत्रिणीकडे येते. तिच्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला तीच ओळ जास्त वेळ छळत राहिली. तुम्हाला वाटलं असेल की ती कंटाळली किंवा बुजली. तिच्या जागी बसून पाहा. माझं कुठलंच स्किल इथे चालणारं नाही. मी दान टाकलं तर बहुतेक हुकेल. हुकलं तर गटाच्या तीन चुकांतली एक माझ्या नावावर जाईल. गप्प बसले तर काहीच बिघडत नाही. मग मी काय करावं? तिने अगदी बरोबर हिशेब केला. तिला गप्प बसवलं ते तुमच्या नियमाने. जिथे हुकलेलं दान सगळ्यांना बुडवतं आणि न टाकलेलं दान फुकट असतं, तिथे सर्वांत मोठा मॉडिफायर असलेले दोघंच खेळतात आणि बाकीचे बघत बसतात. तुमच्या बार्डचं आणि बार्बेरियनचंही वागणं त्याच नियमातून आलेलं आहे. चौघंही शहाण्यासारखे खेळले.

मी हे इतक्या कळकळीने लिहिते आहे, कारण माझ्या टेबलावर असंच एकदा घडलं. वाळवंटातून वाट काढायचं चॅलेंज होतं. एक मुलगी, गटात नवी, म्हणाली की तिची आजी तिला लहानपणी तारे दाखवायची, तसे तिच्या कॅरेक्टरलाही कोणीतरी दाखवले होते, आणि आता ती वाळूत उताणी पडून आकाश वाचते आहे. सगळे ऐकत होते. मी म्हणाले, ‘बरं, सर्व्हायव्हल टाक.’ तिचं दान हुकलं. मी वहीत रेघ मारली आणि पुढच्याकडे वळले. त्यानंतर कितीतरी सेशन ती फक्त स्किलचं नाव आणि आकडा सांगत राहिली. तिने दिलेल्या त्या आकाशाचं मी काहीच केलं नाही, ही गोष्ट मला आजही बोचते.

तुम्ही नाशिकचे, म्हणजे सह्याद्रीत भटकला असाल. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढताना चुकीच्या घळीत शिरलात, तर कोणी येऊन ‘ट्रेक फेल’ असा शिक्का मारत नाही. तासभर जातो. पाणी निम्म्यावर येतं. कोणाचा तरी पाय मुरगळतो आणि त्याची सॅक दुसऱ्याच्या पाठीवर जाते. गडावर पोचता तेव्हा अंधार पडलेला असतो आणि गुहेत आधीच दुसरा ग्रुप पथारी पसरून बसलेला असतो. आता कुठे झोपायचं, हा नवा प्रश्न. चुकलेल्या वाटेची किंमत अशी हप्त्याहप्त्याने वसूल होते आणि प्रत्येक हप्त्याला काहीतरी नवं ठरवावं लागतं. तुमच्या नदीकाठच्या रात्रीला हेच हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हुकलेली दानं मोजणं सोडून द्या. वेळ मोजा.

रात्रीचे प्रहर चार. गॉब्लिनांची बातमी आली तेव्हा पहिला सरला होता असं धरा. उरले तीन. प्रत्येक प्रहरात प्रत्येकाने एकदा काहीतरी करायचं. आधी कोण, नंतर कोण, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. चौघं आणि तीन प्रहर, म्हणजे बारा दानं. जमलेली तेवढी मोजायची. गप्प बसलं तरी प्रहर सरतोच, त्यामुळे ‘पास’ आता फुकट राहत नाही. आणि हुकलेलं दान कोणाला बुडवत नाही, म्हणून कच्च्या स्किलनेही हात घालावासा वाटतो.

डीसी १३ ठेवा. ज्याचं स्किल तयार आहे त्याला ६५ टक्के, ज्याचं अगदी कोरं आहे त्याला ४०. गटाची सरासरी ५५ धरून मी हिशेब केला. बारापैकी आठ किंवा जास्त जमण्याची शक्यता शंभरात ३०. पाच ते सात जमण्याची ५८. चार किंवा कमी, ११. या तीन आकड्यांत मला सगळ्यात आवडतो तो मधला. बहुतेक रात्री तिथेच संपतील, म्हणजे माणसं वाचली पण काहीतरी हातचं गेलं, आणि गोष्टी तिथेच तयार होतात. तुम्हाला सोडून खेळणारे पाच झाले तर दानं पंधरा होतील. तेव्हा हे टप्पेही त्याच प्रमाणात वर सरकवा.

तिन्ही टप्प्यांचा निकाल सेशनच्या आधी लिहून ठेवा. तुमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर आहे. लढाई होणार असेल तर होऊ दे, पण ती कोणत्या काठावर होते, किती गावकरी मधे सापडतात आणि पुलाचा दोर कोणाच्या हातात असतो, हे बारा दानांनी ठरलं पाहिजे. आठ किंवा जास्त: सगळे पलीकडे, दोर कापलेला, पहाटे गॉब्लिन समोरच्या काठावर उभे राहून ओरडताहेत आणि लढाईच होत नाही. पाच ते सात: माणसं पलीकडे, पण तीन गोष्टींपैकी एक सोडावी लागते. बियाणं, गुरं, किंवा पूल कापायला लागणारा वेळ. काय सोडायचं ते खेळणाऱ्यांनी निवडायचं, तुम्ही नाही. त्यांना निवडू देण्याची ही संधी वाया घालवू नका. माझ्या अनुभवात टेबलावर सगळ्यात जास्त बोलणं अशाच जागी होतं. चार किंवा कमी: निम्मं गाव अजून अलीकडे आहे आणि लढाई पुलाच्या तोंडाशी, माणसांच्या गर्दीत होते. तिन्हींपैकी कुठलाही निकाल आला तरी ‘फासे टाकलेच कशाला’ असं कोणी म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष रात्र. तीन प्रहरांना तीन वेगळे पेच द्या. एकच पेच तीनदा दिला की एकच स्किल तीनदा येणार. दुसऱ्या प्रहरात गाव निघायलाच तयार नसतं. पाटलाने धान्याच्या कोठाराला कुलूप घातलं आहे, एक म्हातारी गाभण म्हशीला सोडून यायला तयार नाही, तरुण पोरं म्हणताहेत आपण लढू. इथे बार्डला मोकळं रान आहे आणि असू दे, त्याची ती वेळ आहे. तिसऱ्या प्रहरात सगळे अंधारात वाटेवर आहेत. चिखल, मशाली विझताहेत, मुलं रडताहेत आणि रडण्याचा आवाज लांब जातो. इथे रेंजरला काम आहे, क्लेरिकलाही आहे. चौथ्यात पूल. दोर भिजून जड झालेले, फळ्या निसटताहेत, पन्नास माणसं आणि एका वेळी चारच जाऊ शकतात. इथे बार्बेरियन.

बार्डने पुलावरही पर्स्वेजन मागितलं तर? अडवू नका. विचारा, ‘कोणाला, काय सांगतोस?’ तो म्हणाला की मधोमध गोठून उभ्या राहिलेल्या बाईशी बोलत बोलत तिला एकेक पाऊल टाकायला लावतो, तर हे उत्तम आहे, टाकू दे दान. त्याला सांगता आलं नाही तर ते स्किल तिथे लागू नाही, आणि हे त्याला स्वतःलाच कळेल. चौथ्या आवृत्तीत चालणाऱ्या स्किल्सची यादी चॅलेंजमध्येच दिलेली असायची. तयारी म्हणून ती डीएमजवळ असायला हरकत नाही, पण खेळणाऱ्यांसमोर वाचून दाखवू नका. यादी ऐकली की सगळ्यांच्या माना कॅरेक्टर शीटमध्ये जातात आणि समोरची नदी दिसेनाशी होते.

इथे मराठीची एक मदत होते, ती घ्या. आपण टेबलावर मराठीच बोलतो, पण स्किलची नावं इंग्रजी, म्हणून ‘मी परसेप्शन करतो’, ‘मी इनसाइट टाकते’ अशी वाक्यं पडतात. त्यात कोणी काहीच करत नाही. मी माझ्या टेबलावर एकच पायंडा पाडला आहे: आधी मराठी क्रियापद, मग स्किल. ‘कान देऊन ऐकते.’ ‘त्याच्या डोळ्यात बघत राहतो.’ ‘दोर कमरेला बांधून पाण्यात उतरतो.’ क्रियापद आलं की हात, पाय, चिखल, भीती सगळं मागोमाग येतं, आणि कोणतं स्किल ते बहुतेक वेळा न विचारताच कळतं. सुरुवातीला दोन-तीनदा आठवण करावी लागते. नंतर खेळणारेच एकमेकांना टोकतात.

क्रियापद मिळालं की फासा हातात देण्याआधी धोका मोठ्याने सांगा. ‘दोर कमरेला बांधून उतरतोयस. जमलं तर दुसरा दोर पलीकडे जाईल आणि एका वेळी आठ माणसं जातील. हुकलं तर तू पलीकडे पोचशील, पण दोर हातचा जाईल.’ आता दान दोन्ही बाजूंनी जड झालं. आणि हे ऐकून त्याला वाटलं की नको, दुसरं काहीतरी करू, तर बदलू द्या. त्याचं कॅरेक्टर त्या काठावर उभं आहे, पाण्याचा जोर त्याला दिसतो; खेळणाऱ्याला तो तुमच्या तोंडूनच दिसणार.

हुकलेल्या दानावर काय घडवायचं हे ऐनवेळी सुचत नाही, निदान मला तरी सुचत नाही. सहा चिठ्ठ्या आधी लिहून ठेवा. एक मूल मागे राहिलंय. पाटील दहा जणांना घेऊन परत फिरला. मशाली भिजल्या. गावातलं कुत्रं भुंकत सुटलं आणि लांबून शिंगाचा आवाज आला. एकाचा खांदा निखळला. म्हातारी म्हशीसाठी गुपचूप उलट्या पावली गेली. पण एक पथ्य पाळा: एका प्रहरात कितीही दानं हुकली तरी मोठं संकट एकच. बाकी हुकलेल्या दानांना छोटा बदल पुरे, भिजलेली पोतडी, गेलेला आवाज. हे पथ्य तुमच्या क्लेरिकसाठी आहे. हुकलेल्या प्रत्येक दानामागे मोठं संकट आणलंत तर ती पुन्हा ‘पास’वर जाईल आणि पुन्हा तिचाच हिशेब बरोबर असेल. आणि जमलेल्या दानालाही तेवढाच मान द्या. ‘जमलं, पुढे’ असं म्हणू नका. म्हातारी म्हशीचा कासरा बार्डच्या हातात देते आणि चालू लागते, असं काहीतरी दिसू दे.

‘मी मदत करते’ हे वाक्यही येईल. मदतीने अॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठं दान धरायचं, आणि ६५ चे जवळजवळ ८८ टक्के होतात, म्हणजे साधारण २३ ची भर. तेच तिने स्वतःचं कोरं दान टाकलं तर ४० टक्के. या मांडणीत स्वतः हात घालणं मदतीपेक्षा फायद्याचं आहे, हे तुमच्या मैत्रिणीला एकदा शांतपणे सांगा. मदत करायचीच असेल तर तिचा तो प्रहर त्यात गेला असं धरा आणि नेमकी काय मदत, ते क्रियापदाने सांगायला लावा.

मंत्रांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लेरिक आणि बार्ड टेबलावर आहेत तर प्रश्न येईलच. माझा नियम असा: स्पेल स्लॉट (मोजकेच मिळणारे मंत्र टाकायचे हक्क) खर्च केला आणि मंत्र खरंच त्या पेचाला लागू पडतो, तर दान न टाकताच जमलं. त्याने किंमत मोजलेली आहे, पहाटे लढाई झाली तर तो स्लॉट नसेल. फुकटात पुन्हा पुन्हा टाकता येणारा कॅन्ट्रिप असेल तर अॅडव्हान्टेज द्या, आपोआप यश देऊ नका. एरवी ‘माझं कुठलंच स्किल चालत नाही’ म्हणणारी क्लेरिक अशा रात्री गटाचा कणा होते, हे मी पाहिलं आहे.

‘हे स्किल चॅलेंज आहे’ असं जाहीर करायचं का? माझं मत स्पष्ट आहे, करू नका. वेळ मात्र दाखवा. टेबलाच्या मधोमध तीन काडेपेटीच्या काड्या ठेवा आणि प्रहर सरला की एक उचला. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७च्या खेळात यासाठी वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतात आणि एकेक भरत जातात, तेही चालेल. वेळ कॅरेक्टर्सना आकाशात दिसतेच, म्हणून ती खेळणाऱ्यांना दिसावी. किती दानं जमली हे कॅरेक्टर्सना दिसत नाही, म्हणून ती मोजणी तुमच्यापाशी राहू दे.

आणि सगळ्यालाच हे लावू नका. पहारेकऱ्याची नजर चुकवायची असेल तर एक दान पुरे. अनेकांना मिळून, वेळेच्या आत, वेगवेगळ्या अडचणींतून जायचं असेल आणि हरण्यातूनही पुढे गोष्ट निघत असेल, तेव्हाच बारा दानांचा थाट मांडा. माझ्या कॅम्पेनमध्ये तीन-चार महिन्यांतून एकदा अशी रात्र येते आणि तेवढी पुरते.

राहिला येत्या शनिवारचा प्रश्न. ती रात्र पुन्हा खेळू नका. तुमच्या मित्रांनी ती लढाई खरोखर लढली आहे, जखमा घेतल्या आहेत. ती पुसली तर त्यांची जिंकलेली गोष्टही पुसली जाईल. पण चार जमलेल्या दानांचं देणं तुमच्याकडे बाकी आहे, ते आता फेडा. सेशन पहाटेपासून सुरू करा. गॉब्लिन पळाले आहेत, धूर आहे, निम्मं गाव पलीकडे आणि निम्मं अलीकडे. ज्या चार दानांना यश आलं होतं, त्या प्रत्येकाला एकेक माणूस द्या: ‘बार्ड, तू ज्यांना समजावलंस त्यातला पाटील समोर येतो आणि कोठाराची किल्ली तुझ्या हातात ठेवतो.’ ‘बार्बेरियन, तू पुलाची फळी धरून ठेवलीस तेव्हा एक पोर तुझ्या खांद्यावरून गेलं होतं, ते आता तुझ्या मागे मागे फिरतंय.’ मग क्लेरिककडे वळा. काठावर जखमी बसले आहेत, त्यांच्यात ती म्हातारीही आहे, आणि म्हैस कुठे दिसत नाही. स्किलचं नाव घेऊ नका, फासाही पुढे करू नका. ‘ती तुझ्याकडे बघते आहे. तू काय करतेस?’ एवढं विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा, कितीही वेळ लागला तरी.